टॉवरवरचा खांब

३१ मे. महिनाअखेरीची माझी दोन कामं ठरलेली आहेत. वापरातले सगळे बँड साबणाच्या पाण्यात धुऊन, पुसून, मोजून ट्रेमध्ये लावायचे आणि कॉम्प्युटरवरची महिन्याची यादी पुसून टाकायची. बँड धुवायला माझ्याबरोबर दोन बायका असतात. यादी मात्र मी एकटीच पुसते, कारण पासवर्ड माझ्याकडे आहे.

त्या दिवशी सकाळी दहापासून आम्ही तिघी पंपघराच्या सावलीत तीन टब मांडून बसलो होतो. बँड म्हणजे मनगटात अडकवायचा रबरी पट्टा. आत नखाएवढी चिप असते. सनस्क्रीन, घाम, क्लोरिन आणि वडापावचं तेल यांचा एक चिकट थर त्यावर बसतो, तो नुसत्या पाण्याने जात नाही. दात घासायचा जुना ब्रश लागतो.

आमचं पार्क वडप्याहून आत आहे. गोदामांचे पत्रे संपतात आणि थोडी भातशेतं अजून शिल्लक दिसतात, तिथे. पाण्याच्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, मागच्या बाजूला वीस कॉटेज. तीन वर्षांपूर्वी कंपनीने बँडची पद्धत आणली. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचा एक बँड. पार्कभर कमरेएवढ्या उंचीचे नऊ खांब आहेत. खांबाला बँड टेकवला की टिंग वाजतं, हिरवा दिवा लागतो आणि त्या माणसाच्या नावावर तारे जमा होतात. कुटुंबातल्या प्रत्येकाचे शंभर तारे झाले की ते रुपेरी कुटुंब. प्रत्येकाचे तीनशे झाले की सुवर्ण कुटुंब, मग फाटकाजवळच्या मोठ्या पडद्यावर नाव झळकतं आणि कॉटेजमध्ये एक रात्र मोफत. नुसतं पाण्यात डुंबायला आलेली माणसं दुपारपर्यंत ताऱ्यांच्या मागे धावायला लागतात. आम्हाला आतल्या खोलीत पडद्यावर प्रत्येक माणूस एकेका ठिपक्यासारखा दिसतो. कुठे गर्दी झाली, कुठे कोण किती वेळ बसलं, सगळं कळतं.

मला या कामावर घेतलं ते मानकोलीच्या गोदामामुळे. तिथे मी अकरा वर्षं आलेल्या-गेलेल्या मालाच्या नोंदी सांभाळत होते. प्रत्येक खोक्यावर चिप, प्रत्येक दरवाजाला यंत्र, आणि कुठलं खोकं कुठल्या मिनिटाला कुठून गेलं याची यादी. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "माणसांचं जमेल का?" मी म्हटलं, "खोक्यांपेक्षा सोपं. माणसं स्वतःच्या पायाने जातात." ते हसले, आणि मला नोकरी मिळाली.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक अडचण होती. दुपारी बारा ते तीन सगळी माणसं जेवणाच्या शेडखाली आणि तिच्या शेजारच्या तलावात कोंबली जायची. टॉवरची घसरगुंडी त्या वेळी मोकळी पडलेली असायची, कारण तिच्या पायऱ्या तापतात. गोदामात एका दरवाजाशी माल तुंबला की आम्ही तो दुसरीकडे वळवायचो. मी तेच सुचवलं. टॉवरच्या माथ्यावर खांब आहेच, बारा ते तीन त्याला दहाऐवजी वीस तारे द्या. बाकीच्या खांबांवर दिवसातून एकदाच तारे मिळतात, इथे दर पंधरा मिनिटांनी पुन्हा मिळू द्या. दोन दिवसांत शेडखालची गर्दी निम्मी झाली. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं आणि काजूकतलीचा डबा दिला. घरी नवऱ्याने विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, लोकांना उन्हात चढवल्याबद्दल. तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

तर ३१ मे. दुपारी अडीचच्या सुमाराला फाटकावरून फोन आला. "मॅडम, दोन बायका आल्यात. तिकीट नको म्हणतात. बँडवाल्या बाईंना भेटायचंय म्हणतात." मला वाटलं, बँड हरवल्याची तक्रार असेल. हात पुसले आणि दोघींना माझ्या खोलीत बोलावलं.

एक चाळिशीची. अंगावर विटकी साडी, कपाळ मोकळं, हातात बांगड्या नाहीत. दुसरी पन्नाशी ओलांडलेली, हातभर हिरव्या बांगड्या, काखेत स्टीलची बाटली. दुसरी आधी बसली. पहिलीने उभ्यानेच रुमालात गुंडाळलेला मोबाइल काढून माझ्यासमोर धरला.

"ताई, ह्यो मेसेज तुमचा का?"

आमचाच होता. अभिनंदन, तुमचे कुटुंब आता सुवर्ण कुटुंब. कॉटेजमध्ये एक रात्र मोफत, ३१ मेपर्यंत आरक्षण करा. खाली तीन ताऱ्यांचं चित्र. पहिला ९ मेच्या संध्याकाळचा, मग दर चार दिवसांनी आठवण करून देणारे. ते आपोआप जातात.

"मेलेल्या मान्साला कसली बक्षिसं वाटता वो तुमी?" बसलेली म्हणाली.

"वन्सं, थांबा जरा," उभी होती ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पोरींचे बाबा तेरा तारखेला गेले. हा त्यांचा फोन हाय. मी बंद करणार व्हते. तेवढ्यात परत ह्यो आला."

मी तिला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. नणंदेने ग्लास हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला दिलं. नवरा गेल्यावर सव्वा महिना बाईने घराबाहेर पडायचं नाही, असं त्यांच्याकडे पाळतात. तेरावं होऊन पाचच दिवस झाले होते.

"आज शेवटची तारीख लिवलीय, म्हणून आले," ती म्हणाली. "कॉटेज नको मला. मला इचारायचंय की आमी सोन्याचं कुटुंब झालो कसं? आमी तर पाण्यातून हललो न्हाय."

मग तिने सगळं सांगितलं. मध्ये मध्ये नणंद भर घालत होती. तिचं माहेर आतल्या गावातलं, सासर नारपोलीत. नवरा बावीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. ९ मे शुक्रवार, लूमची सुट्टी. सगळ्यांना घेऊन तो पहिल्यांदाच असा कुठे आला होता. तो, ती, दोन मुली आणि त्याची आई, अशी पाच माणसं. आत आल्याबरोबर त्याने सगळ्यांचे बँड काढून घेतले. पाण्यात पडतील, हरवले तर भरून द्यावे लागतील, म्हणाला. मग "आलोच जरा" म्हणून जो गेला तो साडेदहा ते सव्वातीन दिसलाच नाही.

"फोन?" मी विचारलं.

"फोन माझ्याच पिशवीत ठेवलेला. पोरी इचारून इचारून दमल्या. सासूबाई गुडघ्यांनी अधू, त्या उथळ पाण्यात बसून व्हत्या, त्यांना सोडून मी तरी कुटं शोधाया जाणार? थाळ्या आणल्या. म्हातारी लेकाबिगर जेवंना. भात गार झाला. आणि हे आले. शर्ट घामानं चिंब. पाण्यानं न्हाय, घामानं. मी इचारलं, कुटं व्हता? तर हसले. म्हनले, कामात व्हतो."

"सुट्टीच्या दिवशी कामात," नणंद म्हणाली.

"मी म्हनलं, गिळा आता." तिने मोबाइल पुन्हा रुमालात गुंडाळला. "त्येच शेवटचं. मग बोललेच न्हाय मी. चार दिवस. डबा भरून दिला, पानी तापवून दिलं, पन बोलले न्हाय. तेरा तारखेला सकाळी ड्युटीवर निघताना चप्पल घालाया वाकले आनि तसेच बसले."



"लोकं बोलतात, बाय," नणंद म्हणाली. ती आता माझ्याशी बोलत होती आणि आवाज खाली आला होता. "तेराव्याला आलेली मानसंच बोलली. म्हने बाहेर टपरीवर पीत बसला असंल. म्हने कुनाला भेटाया गेला असंल. माझा भाऊ तसा नव्हता. पन मग कुटं व्हता? हिला झोप न्हाय."

"वाईट असलं तरी सांगा," त्याची बायको म्हणाली. "तुमच्या मशीनमदी असतं ना सगळं? फाटकावरच्या पोरीनं सांगितलं."

यादी बाहेरच्या कुणालाही दाखवायची नाही, असा नियम आहे. पण ही बाहेरची नव्हती, यादीत तिचं स्वतःचं नाव होतं. मी पडदा माझ्याकडे वळवला आणि ९ तारीख उघडली. पाच नावं, एक आडनाव.

पहिला खांब फाटकाजवळचा. अकरा वाजायला वीस मिनिटं असताना पहिलं नाव. एका सेकंदाने दुसरं. मग तिसरं, चौथं, पाचवं. दुसरा खांब तलावाजवळ, पुन्हा पाचही नावं चार सेकंदांत. तिसराही तसाच. गुडघे अधू असलेली म्हातारी, दोन मुली, बायको आणि नवरा, असे पाचही जण यादीत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून सगळ्या पार्कभर फिरत होते.

गोदामात असं दिसलं की आम्ही दुसरा विचारच करायचो नाही. पाच खोकी एकाच दरवाजातून चार सेकंदांत गेली, म्हणजे ती एका ढकलगाडीवर होती.

ढकलगाडी तो होता. पाच बँड एका माणसाच्या हातात होते.

मी यादीत खाली सरकले. बाराच्या आत आठही खांब झालेले. मग टॉवर. बारा वाजून चार मिनिटं. सव्वाबाराच्या पुढे पुन्हा टॉवर. बारा पस्तीस. मी बोट पडद्यावर ठेवून मोजलं. दोन अठ्ठावन्नला शेवटचं. अकरा वेळा. आठ खांबांचे ऐंशी, टॉवरचे दोनशेवीस. प्रत्येकाच्या नावावर बरोबर तीनशे. एकाही माणसाचा एकही तारा जास्त नाही की कमी नाही.

आणि मग मला तो आठवला. चेहरा आठवला नाही, पण प्रश्न आठवला. काउंटरवर त्या दिवशी एक मुलगी आली नव्हती म्हणून मी स्वतः बँड अडकवत होते. रांग दरवाजापर्यंत गेली होती. एका माणसाने सुवर्ण कुटुंबाची पाटी नीट वाचली आणि विचारलं, "म्हणजे घरातल्या सगळ्यांनी सगळीकडे जायला पाहिजे का? आमची आई चालू शकत नाही." मी मान वर न करता म्हटलं, "मशीनला हात कळत नाही, बँड कळतो. पुढे चला." मला रांग पुढे सरकवायची होती, म्हणून मी तसं बोलले. नियम तसा नाही. नियम आहे, ज्याचा बँड त्याचा हात.

"काय दिसलं?" तिने विचारलं.

"वाईट काही नाही," मी म्हटलं. "दहा मिनिटं बसा. सगळं सांगते. पण मला आधी एका ठिकाणी जाऊन यायचंय."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. परवानगी मागायची माझी पद्धत आहे, मिळो न मिळो. साहेब वाईट माणूस नाहीत. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, डोक्यावर कंपनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी कॅलेंडरकडे पाहिलं.

"मॅडम, आज एकतीस ना? यादी आज पुसायचीच असते. पुसून टाका. नियमाप्रमाणे. विषय संपला."

"त्या बाहेर बसल्यात, सर."

"मग कॉटेज द्या त्यांना. दोन रात्री द्या, जेवणासकट."

"त्या कॉटेज मागायला आल्या नाहीत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "माणूस भर उन्हात अकरा वेळा टॉवर चढला आणि चार दिवसांनी गेला. हे कागदावर बाहेर गेलं तर काय होईल, कळतंय ना तुम्हाला? दुप्पट तारे कुणाची आयडिया होती?"

"माझी."

"मग?"

मी म्हटलं, "आज बँड धुवायचे राहिलेत. यादी उद्या सकाळी पुसते." ते काही बोलले नाहीत. तीच परवानगी, असं मी धरलं.

परत येताना टॉवरच्या पायथ्याशी थांबले. माथ्यावर ड्युटी करणारा गार्ड नुकताच खाली आला होता आणि पायांवर पाणी ओतत होता. उत्तर प्रदेशचा आहे. मी त्याला तारीख सांगितली, त्याने मान हलवली, आठवत नाही. मी म्हटलं, एकच माणूस, पुन्हा पुन्हा, हातात पाच बँड.

"अरे, वो पँटवाला चाचा! याद है ना मॅडम. पाँचों बँड एक हाथ में, चूड़ी के माफिक. मैंने बोला, इधर ऊपर खड़े नहीं रहने का. बोला, ठीक है बेटा, नीचे जाके आता हूँ. मैंने पूछा, फिसलके क्यों नहीं जाता? बोला, कपड़े भीगेंगे तो घरवाली चिल्लाएगी."

"पाणी-बिणी प्यायला होता का?"

"ऊपर पानी किधर है, मॅडम?"

खरंच, वर प्यायचं पाणी नाही. हे मला तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

खोलीत आले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. तिला वाचता येत होतं, तरी मी एकेका ओळीवर बोट ठेवून सांगितलं. हा फाटकाजवळचा खांब, हा तलावाचा, हा कारंज्याचा. तुमचं नाव, सासूबाईंचं नाव, मुलींची नावं. तुम्ही पाण्यात बसला होता तेव्हा तुमचे पाचही बँड त्यांच्या हातात होते आणि ते तुमच्या सगळ्यांच्या वाटचं फिरत होते. कुठेही बाहेर गेले नाहीत. कुणाला भेटले नाहीत. फाटकाच्या यंत्रात संध्याकाळपर्यंत त्यांची बाहेर गेल्याची नोंद नाही.

ती यादीकडे बघत राहिली. नणंदेने बाटली मांडीवर आडवी ठेवली.

"आठ आठ माग एकटा बघायचा माझा भाऊ," ती म्हणाली. "मागांमधल्या गल्लीत बारा तास येरझारा. हितला धागा तुटला, तितला जोड. पाच बँड त्याला काय जड?"

"हे काय?" बायकोचं बोट टॉवरवर आलं होतं. "ह्या एकाच खांबाचं नाव लई येळा लिवलंय."

मला तिथेच थांबता आलं असतं. वाईट काही नव्हतं, एवढंच जाणून घ्यायला ती आली होती आणि ते तिला मिळालं होतं. पण तिने विचारलं होतं, आणि अर्धी यादी वाचून दाखवायची मला सवय नाही.

"तो टॉवर," मी खिडकीतून दाखवला. "ब्याण्णव पायऱ्या आहेत. ते अकरा वेळा चढले. दुपारी बारा ते तीन. वर जास्त तारे मिळतात म्हणून."

तिने खिडकीतून टॉवरकडे पाहिलं. लाल हिरव्या नळ्यांच्या मधून लोखंडी जिना वर गेलेला दिसतो. एक मुलगी टायर डोक्यावर घेऊन चढत होती.

"त्यानंच गेले का?"

"मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. चार दिवस मध्ये गेलेत. आधी काही त्रास होता का?"

"बीपीची गोळी व्हती. कदी घ्यायचे, कदी न्हाय."

"मग मला सांगता येणार नाही. पण दोन गोष्टी मला माहीत आहेत, त्या सांगते. दुपारी त्या खांबाला जास्त तारे द्यायचं मी सुचवलं होतं. आणि एकाच्या हातात सगळ्यांचे बँड चालतात, असं त्यांना मीच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं होतं, आई चालू शकत नाही म्हणून. मी घाईत होते."

नणंद माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं आता ही ओरडेल, आणि तिने ओरडावं असंही मला वाटलं. ती ओरडली नाही. बायको तर माझ्याकडे बघतही नव्हती. मी क्षमा मागितली नाही, कारण मागितली असती तर ती द्यायचं ओझं तिच्यावर पडलं असतं. तिनेही तसं काही म्हटलं नाही. ती पुन्हा यादीच्या शेवटच्या ओळीवर आली.

"दोन अठ्ठावन्न. म्हंजी तितून उतरले आनि सरळ आमच्याकडं आले."

"हो."

"आनि मी म्हनलं, गिळा."

तिने त्या ओळीवरचं बोट काढून घेतलं.

"मला सांगाया काय झालं व्हतं त्यांना?" ती एकदम म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "एक शब्द! आईसाठी, पोरींसाठी करतोय म्हनून सांगितलं असतं तर तोंड झिजलं असतं का?"

"सांगितलं असतं तर तू चढू दिलं असतंस?" नणंदेने विचारलं.

तिने विचार केला. खरंच विचार केला, उगाच मान हलवली नाही. "न्हाय," ती म्हणाली. "गोळी घेतली का इचारलं असतं आनि खाली बसवलं असतं."

"मग."

"मग आज ते असते, वन्सं."

नणंदेने पदराने बाटलीचं झाकण पुसलं, पुन्हा पुसलं.

मी प्रिंट काढली. दोन पानं झाली. त्यांच्या घरातल्या पाच नावांच्याच ओळी घेतल्या, बाकीच्या लोकांच्या नाहीत. तारीख, वेळ, खांब, नाव. वर पार्कचं चिन्ह आपोआप छापलं जातं, तेही राहू दिलं. साहेबांना ज्याची भीती होती तो हाच कागद. मी त्याच्या खाली माझी सही केली. गोदामात सही नसलेला कागद कुणी खरा मानत नसे, आणि तेराव्याला बोलणाऱ्या माणसांना दाखवायचा कागद खराच असायला हवा होता.

तिने पानांची चार पदरी घडी केली, मोबाइलच्या रुमालात ठेवली, गाठ मारली.

"कॉटेजचं काय करायचं?" मी विचारलं. "आज शेवटची तारीख आहे. नाव घालू का? नंतर कधीही या, मी बघते."

"त्यात काय असतं?" नणंदेने विचारलं.

"एक खोली. पलंग, एसी, बाहेर झोपाळा."

"झोपाळा," ती म्हणाली आणि वहिनीकडे पाहिलं. "धाकटीला झोपाळा पाहिजे व्हता ना? बापालाच सांगत बसली व्हती घरात."

वहिनी उठली. "पोरींना इचारते," ती म्हणाली. "त्यांच्या बापानं कमावलंय. नाव घालून ठेवा."

मी नावं घातली. मुलींची, सासूबाईंची, तिची. पाचवी जागा रिकामी ठेवून कॉम्प्युटर पुढे जाऊ देईना, तेव्हा मी तिथे नणंदेचं नाव विचारून घातलं. दोघी फाटकाकडे गेल्या. जाताना ती टॉवरपाशी थांबेल असं मला वाटलं होतं. ती थांबली नाही. ऊन होतं, आणि तिला बस पकडायची होती.

मी परत टबांपाशी गेले. बायकांनी निम्मे बँड उरकले होते. एकीने विचारलं, "कोन व्हत्या वो?" मी म्हटलं, "जुनी गिऱ्हाइकं." ब्रश घेतला आणि सहा वाजेपर्यंत उरलेले बँड घासले. मोजदाद बरोबर आली. त्या पाचांतला कुठला बँड कुठला होता हे सांगता येत नाही. बँड परत आला की नाव निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं चढतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेसहाला पार्कात पोचले. इलेक्ट्रिशियनला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. साहेब दहाला येतात. त्यांच्या टेबलावर मी काय करते आहे ते चार ओळींत लिहून ठेवलं, म्हणजे मागाहून कळलं असं व्हायला नको. मग टॉवर चढले. सकाळचा गारवा होता, तरी दोनदा थांबावं लागलं. माझं वय सत्तेचाळीस, आणि मी एकदाच चढत होते. वर इलेक्ट्रिशियनने चार नट काढले, वायर सोडवली, आणि खांब आम्ही दोघांनी धरून खाली आणला. पायथ्याशी बदामाच्या झाडाखाली पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, त्याच्या शेजारी तो बसवला. माझा बँड टेकवून बघितला. टिंग वाजलं, हिरवा दिवा लागला. कॉम्प्युटरवर जाऊन दुप्पट ताऱ्यांची वेळ बंद केली. मग मे महिन्याची यादी पुसली, कारण ती पुसायचीच असते.

नऊला फाटक उघडलं. काउंटरवरच्या मुलीला मी बाजूला बसवलं आणि पहिली रांग स्वतः घेतली. सगळ्यात पुढे एक माणूस होता, मागे बायको, दोन मुलं आणि काठी घेतलेले वडील. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "द्या पाचही माझ्याकडे, मी वाटतो."

"नाही," मी म्हटलं. "एकेकाने पुढे या." आणि काउंटरच्या बाहेर येऊन आधी म्हाताऱ्यांच्या मनगटात बँड अडकवला.